राजपारडीच्या लिग्नाइटमधून सेंद्रिय संयुगं काढायची आहेत, सॉल्व्हंट कोणता घ्यावा?

रावपुरा_रसायन | सोमवार, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी राजपारडीचा लिग्नाइट (कोवळा, तपकिरी कोळसा) मिळाला आहे. त्यातली सेंद्रिय संयुगं सॉल्व्हंटने काढून जीसी-एमएसवर (संयुगं वाफेत वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) ओळखायची आहेत. मॅडम म्हणतात, डायक्लोरोमिथेन (डीसीएम) आणि मिथेनॉलचं मिश्रण घे. लॅबमधला सीनियर म्हणतो, त्यात जेमतेम काही टक्के निघेल, पिरिडीन घे, कितीतरी जास्त निघेल. वाचलं तिथेही पिरिडीनचे आकडे मोठे दिसतात. मग कमी काढणारा सॉल्व्हंट लोक मुद्दाम का वापरतात? कोळशावर किंवा तेलाच्या खडकांवर कुणी काम केलं असेल तर सविस्तर लिहा. मला हे समजून करायचं आहे.

मांडवीचा_मन्या | १०.०५
कोळसा विरघळतो? मी तर तो जळतानाच पाहिलाय. बसलो इथेच, येऊ द्या.

नंदेसरीकर | १०.३०
सीनियर बरोबर सांगतोय. काढायचंच आहे तर जो जास्त काढेल तो घ्या. १९८८ मध्ये जपानमध्ये ईनो आणि सहकाऱ्यांनी कार्बन डायसल्फाइड आणि एनएमपी (म्हणजे एन-मिथाइल पायरोलिडोन) सारख्या आकारमानात मिसळून, साध्या खोलीच्या तापमानाला काही बिट्युमिनस (म्हणजे लिग्नाइटपेक्षा जास्त मुरलेल्या) कोळशांचा ४० ते ६५ टक्के भाग विरघळवून दाखवला. पुढे जपानमध्येच १-मिथाइलनॅफ्थलीनसारख्या सॉल्व्हंटमध्ये ३६० अंशांच्या आसपास कोळसा विरघळवायचा, न विरघळलेली राख गाळून टाकायची आणि जवळजवळ बिनराखेचा कोळसा मिळवायचा, असंही काम झालं. आपल्या देशातल्या कोळशात राख किती असते हे सगळ्यांना माहीत आहे. या दिशेने कुणी मनापासून काम केलं तर देशाचं भलं होईल. दोन-तीन टक्क्यांच्या अर्कात काय ठेवलंय?

मकरपुरा_काका | ११.१५
नंदेसरीकर, माहिती उत्तम दिलीत, पण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. माझी नोकरी तेलखडकांच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

पोरी, कोळसा म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्याचा बराचसा भाग म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या प्रचंड मोठ्या रेणूंची जाळी. या जाळीच्या पोकळ्यांत लहान रेणू अडकून बसलेले असतात: झाडांच्या पानांवरचं मेण, राळेतली संयुगं, जिवाणूंच्या पेशीपटलांतले अवशेष, बेंझीनसारखी कडी एकमेकांना जोडून झालेले ॲरोमॅटिक रेणू. डीसीएम-मिथेनॉल जाळीला फारसा हात लावत नाही, मोकळे आणि अर्धवट अडकलेले लहान रेणू धुऊन आणतं. पिरिडीनचं तसं नाही. हरभरा भिजत घातल्यावर फुगतो तसा पिरिडीनमध्ये कोळसा फुगतो, कारण जाळीतले हायड्रोजन बंध पिरिडीन तोडतं आणि स्वतः तिथे बसतं. जाळी सैल झाली की मोठमोठे तुकडे बाहेर पडतात आणि तुझा टक्का वाढतो.

आता विचार, हे मोठे तुकडे जीसी-एमएसवर दिसणार आहेत का? नाही. जीसीत तेच दिसतं जे न मोडता वाफ होऊन स्तंभातून जाऊ शकतं. पिरिडीनने जे ‘जास्त’ निघालं त्यातलं बहुतेक इंजेक्टरच्या लायनरमध्ये, म्हणजे नमुना यंत्रात सोडतात त्या काचेच्या नळीत, काळं होऊन बसेल. तुझ्या मॅडमना हे पक्कं माहीत आहे.

ते ४० ते ६५ टक्के चांगल्या मुरलेल्या बिट्युमिनस कोळशाचे आहेत, लिग्नाइटचे नव्हेत. पिरिडीनमध्येसुद्धा सर्वांत जास्त निघतं ते साधारण ८५ ते ८७ टक्के कार्बनच्या कोळशातून, आणि अँथ्रासाइटला, म्हणजे सर्वांत मुरलेल्या कोळशाला, गेलात की एकदम काहीच निघत नाही. राजपारडीचा माल त्या रांगेच्या सुरुवातीला उभा आहे.

फत्तेगंज_जीसी | ११.४०
काकांशी शंभर टक्के सहमत. मी मशीन चालवते. लायनर बदलायचं काम माझ्याच वाट्याला येतं.

मांडवीचा_मन्या | मंगळवार, सकाळी ८.१०
काका, हरभऱ्यामुळे डोक्यात शिरलं. पण रस्त्यावर ओततात ते डांबर कोळशातूनच निघतं ना? ते पण असंच सॉल्व्हंटने काढतात का?

दांडियाबाजार_आजी | ९.३०
मन्या, रस्त्यावरचं आजचं काळं बहुतेक पेट्रोलियमचं असतं, रिफायनरीतून येतं. कोळशाचं डांबर निराळं. कोळसा हवा न लागू देता तापवला की तो मोडतो. त्याचा कोक होतो, गॅस निघतो आणि वाफ थंड केली की डांबर मिळतं. म्हणजे डांबरातले बरेच रेणू कोळशात आधी होतेच असं नाही, ते उष्णतेने घडलेले असतात. सॉल्व्हंटने काढलेल्या अर्कात मात्र जे मूळचं होतं तेच बाहेर येतं. म्हणून कोळसा कशापासून झाला हे शोधायचं असेल तर भाजायचं नाही, भिजवायचं.

डांबराचा विषय निघालाच आहे तर आपल्या बडोद्याची एक गोष्ट सांगतेच. चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. तो डाग कुणाकडून निघेना. अखेर काढला तो त्रिभुवनदास कल्याणदास गज्जरांनी, म्हणजे १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी काढलेल्या आपल्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य. पुढे १९०७ मध्ये त्यांच्याबरोबर कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी अलेम्बिक उभी केली. या गावात कार्बनी रसायनशास्त्राची मुळं किती खोल गेली आहेत हे मी वर्गात दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी सांगताना अभिमान वाटायचा.

सूरसागर_काठी | ९.५०
आजी, चापेकरांनी फासलं आणि बडोद्याने पुसलं, यावर पुण्याचे लोक धाग्यावर चालून येतील. 😄

पुणेकर_बडोद्यात | ९.५५
आलो. चहा ठेवा.

दांडियाबाजार_आजी | १०.२०
चहा ठेवते, आणि एवढंच सांगते की डाग काढणाऱ्यालाही तो काय आहे हे आधी ओळखावं लागतं. संगमरवराला आम्ल चालत नाही, आणि डांबराला पाणी काही करत नाही. रावपुराच्या मुलीचा प्रश्न इथेच येतो: आधी तुला काय हवंय ते ठरव, मग सॉल्व्हंट.

पादरा_शेतीवाला | दुपारी १.१५
मी शेतीतला माणूस. दुकानात ह्यूमिक ॲसिडच्या बाटल्या मिळतात, त्यांवर ‘लिग्नाइटपासून’ लिहिलेलं असतं. ते याच पद्धतीने काढतात का?

मकरपुरा_काका | २.००
छान प्रश्न. ते सेंद्रिय सॉल्व्हंटने निघत नाही, अल्कलीने निघतं. लिग्नाइट अजून कोवळा असतो. त्यात आम्लधर्मी गट भरपूर, म्हणून कॉस्टिक सोडा किंवा पोटॅशच्या पाण्यात ह्यूमिक आम्लं क्षाररूपाने विरघळून गडद तपकिरी रंग येतो. त्यात आम्ल घातलं की ती साक्यासारखी खाली बसतात. पोटॅश वापरला तर जे मिळतं ते पोटॅशियम ह्यूमेट. मुरलेल्या बिट्युमिनस कोळशावर हे चालत नाही, तोवर ते गट बरेचसे गेलेले असतात. घेताना बाटलीवरचा टक्का बघा आणि मातीचा अहवाल हातात ठेवून घ्या.

रावपुरा, याचाही तुझ्या प्रबंधात एक परिच्छेद होऊ शकतो. एकाच लिग्नाइटमधून डीसीएम वेगळं काढतं, अल्कली वेगळं आणि पिरिडीन वेगळं. जर्मनीत आम्सडॉर्फला तपकिरी कोळशातून सॉल्व्हंटने माँटन मेण काढतात. ते पूर्वी कार्बन पेपरात जायचं, बुटाच्या पॉलिशमध्ये जातं. त्या माणसांना मेणच हवं असतं, एकूण टक्का किती याची त्यांना पर्वा नसते.

नंदेसरीकर | ४.३०
काका, मुद्दा पोहोचला, तरी अर्धाच मान्य. ती एमएस्सी करतेय, संपूर्ण कोळशाचं चित्र तिला दिसायला हवं. लहान रेणू म्हणजे त्या कोळशाचा एक कोपरा. नुसत्या कोपऱ्यावरून कोळशाबद्दल विधानं करणं मला पटत नाही. पिरिडीनच्या अर्काचे निदान गट तरी पाडा: हेक्झेनमध्ये विरघळतं ते तेल, हेक्झेनमध्ये नाही पण टोल्युइनमध्ये विरघळतं ते अस्फाल्टीन, टोल्युइनमध्येही नाही ते प्रीअस्फाल्टीन. यात जाळीचं स्वरूप कळतं, आणि जीसी नको असेल तर एफटीआयआर, एनएमआर या रेणूंची घडण दाखवणाऱ्या तपासण्या आहेतच.

मकरपुरा_काका | ५.१०
हे अगदी योग्य. कोपऱ्यावरून संपूर्ण कोळशाचं वर्णन करू नये, त्याबद्दल वाद नाही. पण पिरिडीनचा टक्का मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिरिडीन ११५ अंशांना उकळतं आणि कोळशाला चिकटून राहतं, साध्या सुकवण्याने पूर्ण निघत नाही. उरलेल्या कोळशाचं वजन घेऊन ‘किती गेलं’ हे काढलं तर हिशोब खोटा येतो, कारण गेलेल्या मालाच्या जागी सॉल्व्हंट बसलेलं असतं. अवशेष मिथेनॉलने पुन्हा पुन्हा धुऊन निर्वातात सुकवा आणि अर्काचंही स्वतंत्र वजन घ्या. दोन्ही जुळले तरच आकडा लिहा. साहित्यातले काही फुगलेले आकडे यामुळेच असतात असं माझं मत आहे.

फत्तेगंज_जीसी | रात्री ८.४५
आता माझ्या बाजूने लिहिते, कारण मशीनवर येईपर्यंत नमुना खराब झालेला असतो आणि मग सगळे मशीनला नावं ठेवतात.

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस. प्लास्टिकातले थॅलेट अर्कात येतात आणि १४९ वस्तुमानाचा आयन डोंगरासारखा उभा राहतो. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत ठेव. लिग्नाइट १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवू नकोस. ओलावा मोजायला ते ठीक आहे, पण अर्कासाठीचा नमुना त्यात ऑक्सिडाइझ होतो आणि हलके रेणू उडून जातात. सावलीत हवेवर किंवा ४० अंशांखाली निर्वातात सुकव. दळून २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून काढ. सॉक्स्लेटचं (सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा नमुन्यातून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणाचं) थिंबल, म्हणजे नमुना ठेवायची नळी, आधी रिकामंच चालवून धुऊन घे, आणि एक थिंबल नमुन्याशिवाय संपूर्ण प्रक्रियेतून काढून त्याचाही क्रोमॅटोग्राम (जीसीचा आलेख) घे, हाच ब्लँक. ब्लँक नसेल तर मी तुझा कुठलाही शिखर-बिंदू ओळखून देणार नाही, हे आताच सांगते.

गुजरातच्या लिग्नाइटमध्ये गंधक भरपूर असतं. मोकळं गंधक अर्कात आलं की क्रोमॅटोग्रामच्या मधोमध ठाण मांडून बसतं आणि आजूबाजूचं सगळं झाकतं. आम्लाने चकचकीत केलेल्या तांब्याच्या तारेचे तुकडे अर्कात टाक. तांबं काळं पडतं, ते काळं पडायचं थांबेपर्यंत नवीन टाकत राहा.

रावपुरा_रसायन | ९.१५
ताई, हे सगळं वहीत लिहून घेतलं. प्लास्टिकचं तर कुणीच सांगितलं नव्हतं, आणि माझा नमुना सध्या प्लास्टिकच्याच डब्यात आला आहे.

फत्तेगंज_जीसी | ९.२५
मोठा दगड आहे ना? मग बाहेरचा थर खरवडून टाक आणि आतलं घे. भुगा असेल तर पुन्हा मागव.

सूरसागर_काठी | १०.१०
तुमच्या लिग्नाइटमध्ये पिवळट, मधासारखे खडे दिसले तर फेकू नका हो! सुरत जिल्ह्यात वस्तान आणि तडकेश्वरच्या खाणींत लिग्नाइटबरोबर अंबर सापडतं. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं, इओसीन काळातलं. यातले किडे २०१० साली जगभर गाजले. यातली मजा थेट या धाग्याची आहे: बाल्टिक अंबर सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, पण हे खंभातच्या खोऱ्यातलं अंबर टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, कारण त्यातली पॉलिमर साखळी आडवी जोडलेली नाही. त्यामुळे आतला किडा अखंड बाहेर काढता येतो.

मांडवीचा_मन्या | १०.२०
५ कोटी वर्षांनी बडोद्याजवळ बाहेर आला म्हणजे तो पहिलं विचारणार, शेव-उसळ कुठे चांगली मिळते.

मकरपुरा_काका | १०.५०
सूरसागर, फार महत्त्वाचं सांगितलंत. ते अंबर ज्या झाडांचं, ती आपल्या सालवृक्षाच्या कुळातली, म्हणजे ज्याची राळ आपण धुपात घालतो त्याचे पूर्वज-भाऊबंद. ती राळ कॅडिनीन या एककांची बनलेली असते, आणि तिच्यातून आलेली बायकॅडिनेन नावाची संयुगं या भागातल्या लिग्नाइटच्या अर्कात सापडतात. रावपुरा, तुझ्या क्रोमॅटोग्रामवर ती दिसली तर ५ कोटी वर्षांपूर्वी इथे त्या झाडांचं उष्ण, दमट रान होतं याचा पुरावा तुझ्या हातात येईल. मला हे आजही अद्भुत वाटतं.

अजून काय बघायचं तेही लिहितो. सरळ साखळीच्या अल्केनमध्ये सी-२७, सी-२९, सी-३१ (म्हणजे तितक्या कार्बनचे) हे विषम आकडे शेजारच्या समांपेक्षा मोठे दिसले तर ते जमिनीवरच्या झाडांच्या पानांचं मेण. १९१ वस्तुमानाच्या आयनवर होपेन बघ, ते जिवाणूंकडून येतात. लिग्नाइट फार तापलेला नसल्याने त्यातले बीटा-बीटा रूपाचे होपेन अजून टिकून असतात. खोल गाडल्या गेलेल्या खडकांत ते अल्फा-बीटा होऊन जातात. तेलवाले या एका गुणोत्तरावरून खडक किती शिजला ते सांगतात. ही सगळी माहिती त्या दोन-चार टक्क्यांत आहे. नंदेसरीकर, तुमच्या ‘काय ठेवलंय’चं हे माझं उत्तर.

नंदेसरीकर | ११.०५
बायकॅडिनेनवर हरलो नाही, पण आवडलं. 🙂 आता लिग्नाइट हातात घेताना वेगळं वाटेल.

पुणेकर_बडोद्यात | बुधवार, सकाळी ७.४०
एक गंभीर शंका. एवढी संयुगं कोळशात मोकळी आहेत तर खाणीजवळच्या विहिरींच्या पाण्यात उतरत असतील का? बाल्कनमधल्या मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल असं काही वाचलं होतं.

दांडियाबाजार_आजी | ९.००
बरोबर वाचलंस. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत १९५० च्या दशकात हा आजार नोंदला गेला. लिग्नाइटमधून पाण्यात उतरणाऱ्या सेंद्रिय संयुगांवर १९९० च्या सुमारास संशय घेतला गेला. पुढे मात्र पुरावा दुसरीकडे गेला. गव्हाच्या शेतात वाढणाऱ्या ॲरिस्टोलोकिया या तणाच्या बिया धान्यात मिसळून पिठात जात होत्या आणि त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल हे कारण आज मानलं जातं. सॉल्व्हंटने निघतं ते पाण्याने निघेलच असं नाही. पाण्याचा प्रश्न विचारायचा तर पाण्यानेच काढून बघायला हवं. शिवाय आपल्या भागातल्या विहिरींचं पाणी तपासून घ्यावं, हे लिग्नाइट असो वा नसो.

आता सुरक्षिततेचं, आणि हे मी कडक आवाजात सांगतेय. जुन्या शोधनिबंधांत बेंझीन-मिथेनॉल दिसेल, ते वापरायचं नाही. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. टोल्युइन घ्या. कार्बन डायसल्फाइड सुमारे ९० अंशांनाच आपोआप पेट घेतं, म्हणजे तापलेला हॉटप्लेटचा तवा पुरतो, ठिणगीची गरज नाही. एमएस्सीच्या लॅबमध्ये मी ते येऊ देणार नाही. एनएमपी गर्भाला घातक आहे, लॅबमधल्या मुलींना हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पिरिडीन हूडबाहेर उघडायचं नाही. आणि वापरलेला सॉल्व्हंट सिंकमध्ये ओतायचा नाही. रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवून गोळा करणाऱ्या यंत्रावर) परत मिळवा, उरलेला हॅलोजनचा वेगळा आणि बिनहॅलोजनचा वेगळा, अशा लेबल लावलेल्या बाटल्यांत द्या. आपल्या गावच्या नाल्यांनी आधीच खूप सोसलं आहे.

फत्तेगंज_जीसी | ९.४०
आजी, प्रिंट काढून लॅबच्या दारावर लावते.

रावपुरा_रसायन | दुपारी ३.२०
सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडमना धागा दाखवला, त्यांना काकांचं होपेनचं फार आवडलं. एक अडचण उरली. सॉक्स्लेट मला मेमध्ये मिळणार आहे. तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि डीसीएम तर ४० अंशांनाच उकळतं. कंडेन्सर कसा चालेल?

मकरपुरा_काका | ४.००
चालणारच नाही, सगळी वाफ वर निघून जाईल आणि फ्लास्क कोरडा पडेल. नळाचं पाणी लावू नकोस. चिलर असेल तर १० अंशांच्या खाली ठेव. नसेल तर बादलीत बर्फ आणि पाणी, त्यात माशांच्या टाकीचा छोटा पंप, आणि बर्फ बदलायला माणूस. रात्रभर एकटं सोडून जायचं नाही.

मिश्रण ९३ भाग डीसीएम आणि ७ भाग मिथेनॉल घे. या प्रमाणाच्या जवळपास दोघांचं ॲझिओट्रोप होतं, ते ३८ अंशांच्या आतच उकळतं आणि वाफेतही प्रमाण तेच राहतं. नाहीतर सॉक्स्लेटमध्ये वर एक मिश्रण आणि खाली दुसरं अशी गत होते. सायफनमधून उतरणारा द्रव बिनरंगी झाला की थांब.

नंदेसरीकर | ४.३०
मग असं कर. तोच अवशेष टाकून देऊ नकोस. डीसीएम-मिथेनॉलने धुतलेला कोळसा सुकवून त्यातला अर्धा पिरिडीनला लाव, मिथेनॉलने धू, वजन घे, एफटीआयआर कर. तुला मेणही मिळेल आणि जाळीची झलकही. पिरिडीनचा अर्क जीसीवर नेऊ नकोस.

मकरपुरा_काका | ४.४०
हे मला मान्य. क्रम तोच ठेव, सौम्य आधी आणि जोरकस नंतर. उलटं केलंस तर पहिल्याच पायरीत सगळं मिसळेल.

रावपुरा_रसायन | ५.१०
ठरलं. डीसीएम-मिथेनॉल आधी, मग तांबं, मग सिलिकाच्या स्तंभावर हेक्झेनने संतृप्त, हेक्झेन-डीसीएमने ॲरोमॅटिक आणि शेवटी ध्रुवीय भाग. अवशेषाचा अर्धा पिरिडीनला. ध्रुवीय भागातली आम्लं आणि अल्कोहोलं थेट जीसीवर घालू का?

फत्तेगंज_जीसी | ५.२५
थेट नको, त्यांची शिखरं शेपटी काढतात. सिलिल करून (सिलिकॉनचा गट जोडून) आण. अर्क आटवताना नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली आटव, पण पूर्ण कोरडा करू नकोस, नॅफ्थलीन उडून जाईल. कुपीचं झाकण आतून टेफ्लॉनचं हवं. ब्लँक सोबत घेऊन ये, सोमवार ते बुधवार मी लॅबमध्येच असते.